गिरणीवाल्याने बांधलेलं तत्त्वज्ञान मंदिर



मुलांनो, बक्षीस समारंभ व्हायचा आहे, त्यानंतर तुमचं नाटक आहे, हे मला ठाऊक आहे. तरी थोडा वेळ मागतो. ज्या माणसाबद्दल मी बोलणार आहे तो आपल्याच खान्देशातला, आपल्या दोंडाईच्यासारख्याच गावातला. त्याचं नाव आज आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्राचार्य सरांनी मला विषय दिला होता 'यशस्वी उद्योजक कसे व्हावे'. मी अडत्या माणूस. सगळा जन्म मार्केट यार्डात वजनकाटा, तोलाई आणि हिशोबपट्टी यांत गेला. धंदा कसा करायचा हे तुम्हाला बाजार शिकवेलच. चांगलं ठोकून शिकवेल. पण चार पैसे गाठीला आल्यावर गावासाठी त्यांचं काय करावं, हे बाजारात कोणी सांगत नाही. ते मी अमळनेरच्या श्रीमंत प्रतापशेठांकडून शिकलो. त्यांचं मूळ नाव मोतीलाल माणेकचंद.

खान्देशात कापूस तेव्हाही होता, आताही आहे. जिनात सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि मालगाडीने बाहेर जायच्या. त्याच कापसाचं कापड होऊन आपल्याकडे विकायला यायचं. प्रतापशेठांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच अमळनेरात प्रताप मिल काढली. बोरी नदीच्या काठचं, सखाराम महाराजांच्या वाडीचं ते गाव गिरणीच्या भोंग्यावर उठू-बसू लागलं. इतकं केलं असतं तरी गावाने त्यांना मानाने 'शेठ' म्हटलंच असतं.

पण 1916 साली या माणसाने त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. नावात मंदिर आहे, पण तिथे विद्वानांनी यावं, राहावं, वाचावं आणि विचार करावा एवढंच अपेक्षित होतं. कापूस, सूत आणि मजुरीचा हिशोब करणाऱ्या शेठला वाटलं की आपल्या गावात 'मी म्हणजे कोण' या प्रश्नावर आयुष्य घालवणारी माणसं असली पाहिजेत, आणि त्यांच्या भाकरीची चिंता आपण वाहिली पाहिजे. मित्रांनो, अशी मागणी गावातून कधी येत नसते. गाव रस्ता मागतं, नळ मागतं, दवाखाना मागतं, आणि ते मागायलाच हवं. न मागितलेली गोष्ट गावाला देण्यासाठी गावावर फार मोठा विश्वास असावा लागतो.

तिथे आलेली माणसं पाहा. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य हे आधुनिक भारतातल्या सगळ्यात खोल तत्त्वचिंतकांपैकी एक. त्यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा ग्रंथ 1930 साली प्रसिद्ध झाला. जगभरचे अभ्यासक आजही त्यावर डोकं लावतात. तो ग्रंथ याच संस्थेने प्रकाशित केला. त्याचा प्रकाशक म्हणून अमळनेरचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पान उघडं ठेवून मी किती तरी वेळ बसून राहिलो. लंडन, ऑक्सफर्ड ही नावं अशा पुस्तकांवर असतात. इथे बोरीकाठचं आमचं अमळनेर होतं!

आता मला जे सगळ्यात मोठं वाटतं ते सांगतो. प्रतापशेठांची श्रद्धा शंकराचार्यांच्या अद्वैतावर होती. त्या विचाराचा अभ्यास आणि प्रसार व्हावा म्हणून त्यांनी पैसा घातला. 1933 साली त्यांच्याच संस्थेतल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून 'अज्ञान' नावाचं पुस्तक लिहिलं. विषय अद्वैताच्या अगदी गाभ्यातला, आणि तिघांचं त्यावर एकमत नव्हतं! आपल्या पैशावर राहणारे विद्वान आपल्याच श्रद्धेची उलटतपासणी करताहेत, आणि संस्था चालूच आहे. माझ्या चौथीपर्यंत शिकलेल्या बापाने हे ऐकलं असतं तर त्यांनी या शेठला हात जोडले असते. पैसा देणारे मी पुष्कळ पाहिले. पैसा देऊन हात काढून घेणारे फार थोडे.

साने गुरुजी अमळनेरला आले ते याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. नंतर 1924 ते 1930 या काळात ते गावातल्याच शाळेत शिक्षक होते. तेच आजचं प्रताप हायस्कूल. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं आवरणारे, त्यांच्यासाठी 'विद्यार्थी' मासिक काढणारे गुरुजी अमळनेरला मिळाले ते तिथे शाळा होती, छात्रालय होतं आणि तत्त्वज्ञानाचं ग्रंथालय होतं म्हणून.

याच गुरुजींनी पुढे अमळनेरच्या गिरणी कामगारांची बाजू घेतली, त्यांची संघटना बांधली. हेही मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. कामगाराच्या मजुरीचा प्रश्न देणगीने सुटत नाही. तो मजुरीनेच सुटतो. शेठ मोठे होते म्हणून कामगारांची तक्रार खोटी ठरत नाही, आणि कामगारांची तक्रार खरी होती म्हणून शेठनी उभं केलेलं काम लहान होत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी कारखाना काढेल, जिनिंग काढेल. तेव्हा आधी हमालाची हमाली वेळेवर द्या, मग देणगीचं बघा.

1945 साली अमळनेरात प्रताप कॉलेज सुरू झालं. योगायोग असा की त्याच वर्षी त्याच गावात प्रेमजींची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो म्हणून जगभर गेली. गिरणी आता बंद आहे. कॉलेज भरतंय, आणि 2024 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरलाच झालं. तत्त्वज्ञान मंदिरातून निघणारं त्रैमासिक पुढे पुणे विद्यापीठाच्या साथीने नव्या रूपात चालत राहिलं.

मी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या कमिटीवर आहे. देणगी द्यायला लोक येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न पाटी कुठे लावणार हा असतो. त्यांना मी नावं ठेवत नाही. आईवडिलांचं नाव दगडावर असावं असं कोणाला वाटत नाही? पण खोली बांधायला पैसे मिळतात आणि त्या खोलीत बसणाऱ्या ग्रंथपालाच्या पगाराला मिळत नाहीत, हे आपल्या सगळ्याच गावांचं दुखणं आहे. या सभागृहात व्यापारी पालक बरेच आहेत. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे, भिंतींपेक्षा माणसांवर खर्च करा. एखाद्या हुशार मुलीची एम. ए. ची, पीएच. डी. ची वर्षं सांभाळा. विषय तिचा तिला निवडू द्या.

मुलांनो, आपल्या स्टेशनवरून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत अमळनेर येतं. तत्त्वज्ञान मंदिराची वास्तू अजून तिथे आहे. प्राचार्य सर, यंदाची सहल तिकडे न्या, सगळ्या वर्गांची. तिकिटं आणि जेवणाचा खर्च माझ्याकडे लागला. तारीख तेवढी कळवा, म्हणजे मीही दुकान बंद ठेवून येतो.