चाकातला भोई
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला आज मोठे वक्ते आहेत. आम्ही बोलणार आहोत चाकावर. हसू नका. भावात जाते ते आपल्याला दिसते, पण अज्ञानात जाते ते दिसत नाही.

गावातल्या एका काकूंना घेऊन आम्ही यवतमाळहून मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात निघालो. गाडी जुनी मारुती ८००. ही गाडी १९८३ साली आली, २०१४ साली बनायची थांबली. म्हणजे आज आपल्या दारात आहे ती झिजलेलीच. दोन महिन्यांपासून मागून घूंऽऽ असा आवाज येई. आम्ही म्हटले, टायर गेले. तूर विकून दोन नवे टायर टाकले. आवाज तसाच! कसाऱ्याचा घाट त्या आवाजानिशी, जीव मुठीत धरून उतरलो.

सकाळी काकूंना रुग्णालयात पोचवून भोईवाड्याच्या एका गल्लीत मिस्त्री गाठला. हा सारा गिरणगाव. आपल्या कापसाचे सूत याच भागात निघायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हातातले कसब मात्र तिथे टिकून आहे. मिस्त्रीने जॅक लावला, चाक हलवले आणि म्हणाला, "टायर चांगले आहेत हो, बेअरिंग गेलंय." भोई म्हणजे पालखी वाहणारा. बेअरिंग हा चाकातला भोईच. सगळा भार त्याच्यावर, आणि त्याच्याकडे लक्ष कोणाचेच नाही. आपला बाप बैलगाडीला वंगण घातल्याशिवाय बाजाराला निघत नव्हता, हे आपण विसरलो.

त्या मिस्त्रीकडून शिकलो ते सांगतो.

आवाज वेगाबरोबर वाढतो का पाहा. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन मंदावले तरी आवाज तसाच, तर दोष चाकाकडे. रस्ता बदलला की आवाज बदलतो, तो बहुधा टायरचा. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावे बेअरिंग खराब. डावीकडे वळताना वाढला तर उजवे.

मग सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावून, संशयाचे चाक उचला. वर आणि खाली हात धरून हलवा. खडखडले तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट वा दुसरा सांधा तपासा. पुढचे चाक फक्त आडवे हलत असेल तर स्टिअरिंगचे सांधे पाहा. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा. हाताला खरखर लागली की समजा, आतल्या गोळ्यांची वाट खरवडली आहे.

आता बदलणे. मागच्या चाकाचे काम हुशार पोराला जमते. नुसत्या जॅकवर कधी हात घालू नका. खाली भक्कम स्टँड द्या. हँडब्रेक सोडा, चाक काढा, टोपी काढा, पिन सरळ करून काढा, नट सोडा, ड्रम ओढा. आतली दोन्ही बेअरिंगे ठोकून काढा. मधली नळी कशी होती ते ध्यानात ठेवा. दोन्ही बेअरिंगे, तेलसील आणि पिन नवीनच टाका.

आणि इथेच आमची फसगत झाली होती. आमच्याकडच्या एका कारागिराने मागे बेअरिंग बदलले, ते आतल्या रिंगवर हातोडा मारून बसवले. तो मार गोळ्यांवर गेला, आणि नवे बेअरिंग चार महिन्यांत जुने झाले. नियम सोपा आहे: ड्रममध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर, दांड्यावर बसवताना आतल्या रिंगवर. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळा. बंद बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका. आतले ग्रीस जाते. उघड्या बेअरिंगला चाकाचेच ग्रीस, जळके ऑइल नव्हे. पुढच्या चाकाला प्रेस लागते. ते काम वर्कशॉपात द्या, पण समोर उभे राहा.

दुकानात जुने बेअरिंग घेऊन जा. रिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ सारख्या नंबरात शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतले भोक मिलिमीटरमध्ये निघते: ०५ म्हणजे २५. विहिरीवरच्या मोटारीच्या बेअरिंगलाही हाच हिशेब.

काकूंचे उपचार अजून चालू आहेत. दर फेरीला तीच गाडी जाते. निघण्याआधी आम्ही चारही चाके हलवून पाहतो. पाच मिनिटे लागतात. घाटात चाक जाम झाले असते, तर आत कोण बसले होते ते आठवा.

घामाचे दाम आपण मागणारच. पण मिळालेला दाम न समजल्यामुळे परत द्यायचा नाही, एवढे आज ठरवून घरी जा. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांपासूनच सुरुवात करू. बैठक संपली की जॅक घेऊन आम्ही तिथेच आहोत.