शिक्षक येतात कोठून?

शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पहिल्यानें इमारत उभी राहते. मुलाचें नांव घालावयास निघालेला पालक इमारत पाहतो, मैदान पाहतो, बसची सोय विचारतो, फीचा आंकडा ऐकून क्षणभर गप्प बसतो आणि माध्यम कोणतें याची खात्री करून घेतो. पण ज्याच्या हातीं आपलें मूल दिवसाचे पांच-सहा तास राहणार, तो माणूस कोण, कोठला, काय शिकून आला आणि या शाळेंत किती दिवस टिकला आहे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आजच्या भाषणांत हा न विचारलेला प्रश्न मला विचारावयाचा आहे. खासगी शाळांतील पांचवी ते आठवी या मधल्या इयत्तांचा शिक्षक हा आपला विषय. आणि बोलणें हवेंत राहूं नये म्हणून पालघर व बोईसर-तारापूर हा मुलूख मीं पुढें ठेवला आहे.

हाच मुलूख कां, असें कोणी विचारील. मुंबईहून उत्तरेस जाणारी गाडी वैतरणेवरचे पूल ओलांडून गेली कीं सफाळें, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगांव, डहाणू रोड अशीं स्टेशनें ओळीनें लागतात. रुळांच्या पश्चिमेस वाडवळांच्या बागा आणि समुद्रकांठीं मांगेल्यांच्या वस्त्या. पूर्वेस डोंगराच्या बाजूला वारल्यांचे पाडे. तारापूर हें जुनें बंदर. १९६९ सालीं तेथें देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें. बोईसरच्या बाजूस औद्योगिक वसाहत पसरली. आणि भारताच्या चारी दिशांनीं माणसें पोटामागें येथें आलीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. बागाइतदार, मच्छीमार, आदिवासी, इंजिनियर आणि कारखान्यांतला कामगार, या साऱ्यांचीं मुलें एका पंचक्रोशींत शिकतात. त्यांना शिकवणारेहि तितक्याच निरनिराळ्या वाटांनीं आलेले असतात.

बाहेरून येऊन येथें शिकवण्याची परंपरा मात्र कारखान्यांहून पुष्कळ जुनी आहे. १९१८ सालीं स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२० सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं हायस्कूल काढलें. खासगी संस्थेनें खेड्यांत चालवलेली ती शाळा. आचार्य शं. रा. भिसे यांचें नांव तिच्याशीं कायमचें जोडलें गेलें. शाळेचा कारभार पाहतां पाहतां या गृहस्थांनीं आदिवासींच्या शिक्षणाचें कामहि अंगावर घेतलें. शिक्षकाचें काम शाळेच्या कुंपणापाशीं संपतें असें त्यांना कधीं वाटलें नाहीं.

१९४५ सालीं याच बोर्डीस ताराबाई मोडक आल्या. १९१४ च्या त्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजाच्या प्राचार्या म्हणून काम केलेल्या आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या जोडीनें बालशिक्षणाचा अभ्यास केलेल्या. त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंची वाट अगदींच वेगळी. तेराव्या वर्षीं लग्न आणि कांहीं महिन्यांतच वैधव्य. मग मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा, ट्रेनिंग कॉलेज, नाशिक जिल्ह्यांत नोकरी, पुढें पुण्याच्या हुजूरपागेंत शिक्षिकेचें काम. मॅट्रिक झाल्या त्या रात्रीच्या शाळेंत शिकून, आणि पदवी मिळवली ती पन्नाशी उलटल्यावर. एकीचें ज्ञान ग्रंथांतून आणि प्रयोगांतून आलेलें, दुसरीचें वर्गांतल्या खडूच्या धुळींतून. दोघी एकत्र आल्या म्हणून काम उभें राहिलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें असें आढळलें कीं पाड्यांवरचीं मुलें गुरें राखावयास जातात, शाळेंत येत नाहींत. तेव्हां शाळाच गुरांमागें कुरणांत गेली. तिला नांव पडलें कुरणशाळा. या बायकांचें मुख्य काम लहान मुलांचें होतें हें खरें. पण शिक्षकाचें काम काय हें मुलाच्या परिस्थितीवरून ठरतें, नेमणुकीच्या कागदावरून ठरत नाहीं, हा त्यांनीं घालून दिलेला धडा सर्व इयत्तांना लागू पडतो.

आतां मधल्या इयत्तांकडे वळूं. एके काळीं सातवी ही शिक्षणाची मोठी वेस होती. फायनल पास झालेला मुलगा स्वतःच मास्तर होऊं शके. आज त्याच इयत्तांना शिकवणाऱ्यानें काय शिकलेलें असावें याचे नियम आहेत. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालीं सहावी ते आठवीच्या शिक्षकाला पदवी, अध्यापनाचें प्रशिक्षण आणि शिक्षक पात्रता परीक्षा या तिन्ही गोष्टी लागतात. आपल्याकडे पांचवी पूर्वापार हायस्कुलाला जोडलेली, पण या कायद्याच्या हिशेबांत वरिष्ठ प्राथमिक शिक्षण सहावीपासून सुरू होतें. ३५ मुलांमागें निदान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणिताला एक, समाजशास्त्राला एक आणि भाषांना एक अशी किमान मांडणी हवी. मुलें शंभरांच्या वर गेलीं तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि चित्रकला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अर्धवेळ शिक्षक हवेत. वर्षाला २२० दिवस आणि १००० तास शिकवणें व्हावें. आणि शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत तयारीचा वेळहि धरावा. हा शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे. उद्यांचा धडा आज वाचून ठेवणें हें काम आहे, फावल्या वेळची हौस नव्हे, हें कायद्यानें मान्य केलें.

पण पदव्यांच्या यादीवरून माणूस कळत नाहीं. बोईसर-तारापूरसारख्या ठिकाणच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलींत डोकावलें तर साधारण चार प्रकारचीं माणसें भेटतात.

पहिलीं या मातींतलीं. वाडवळ, मांगेला किंवा वारली घरांतून शिकून वर आलेलीं. चंद्राच्या कलांचा धडा शिकवतांना अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांचा दाखला त्यांना शोधावा लागत नाहीं. तो त्यांच्या घरांतच असतो. मच्छीमाराच्या मुलाला अशा वेळीं प्रथमच वाटतें कीं आपल्या बापाला ठाऊक असलेली गोष्ट पुस्तकांतहि आहे. त्या दिवसापासून त्याचें पुस्तकाशीं असलेलें वैर कमी होतें.

दुसऱ्या प्रकारांत नवऱ्याच्या नोकरीबरोबर या भागांत आलेल्या बाई. कोणी रसायनशास्त्राच्या पदवीधर, कोणी गणिताच्या. मूल शाळेंत जाऊं लागल्यावर त्यांनीं बी. एड्. केलें आणि शिकवूं लागल्या. त्यांच्यामुळें या शाळांना विषयाचें उत्तम ज्ञान मिळतें. पण नवऱ्याची बदली झाली कीं बाईंची शाळाहि सुटते, कधीं तर वर्षाच्या मध्येंच.

तिसरे दुसऱ्या प्रांतांतून स्वतःच नोकरीसाठीं आलेले शिक्षक, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. मराठी त्यांना हळूहळू शिकावी लागते. पण वर्गांतल्या ज्या मुलाचे आईबाप उत्तर प्रदेशांतून, बिहारमधून किंवा ओडिशांतून कारखान्यांत आलेले आहेत, त्या मुलाचें गोंधळलेपण हा शिक्षक चटकन् ओळखतो, कारण तें त्यानें स्वतः भोगलेलें असतें.

चौथे सेवानिवृत्त. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेंत जन्म घालवून पुन्हा हातीं खडू घेतलेले. नव्या यंत्रांशीं त्यांचें फारसें जमत नाहीं. पण वहींतलें अक्षर एकाएकी बिघडलें कीं मुलाच्या घरीं कांहीं तरी बिनसलें आहे हें ताडण्याची त्यांची नजर तरुणांनीं शिकून घ्यावी अशी असते.

या चौघांत श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ आहे. शाळा चांगली तीच कीं जींत हे चौघे एकमेकांपासून शिकतात. मातींतल्या मास्तरांनीं बाहेरच्या बाईंना पाड्याची वाट दाखवावी, बाईंनीं त्यांना प्रयोगशाळेंतली काटेकोर रीत दाखवावी. याला सवड मात्र लागते, आणि एकत्र काढलेलीं वर्षें लागतात.

आतां शिक्षकाच्या कामाविषयीं. दहा ते चौदा हें वय मोठें अवघड. चवथीपर्यंत एका बाईंच्या पदराआड वाढलेलें मूल एकदम दर तासाला नव्या माणसाच्या स्वाधीन होतें. अशा वेळीं त्याला धरून ठेवणारा दुवा म्हणजे वर्गशिक्षक. हजेरीपटाकडे त्याची नजर असते. दिवाळी झाली कीं पूर्वेच्या पाड्यांवरचीं कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर निघून जातात. कारखाना बंद पडला तर कामगाराचें बिऱ्हाड रातोरात हलतें. पटावर एका नांवापुढें ओळीनें चार दिवस गैरहजेरी पडली कीं चौकशी करणारा वर्गशिक्षक असेल तर मूल वांचतें, नसेल तर तें नांव पुढच्या वर्षाच्या पटांत दिसत नाहीं. विषयशिक्षकाचें कामहि येथें पुस्तकापाशीं थांबत नाहीं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागांत भूकंपाचे धक्के बसूं लागले, तेव्हां भूगोलाच्या तासाचा अर्थच पालटला. जमीन कां हलते हें समजावून सांगणें आणि न ओरडतां, न ढकलतां मैदानांत कसें यावें हें शिकवणें, हीं दोन्ही कामें शिक्षकांकडे आलीं. चित्रकलेचे आणि खेळाचे शिक्षक तर पुष्कळदा गणितांत मागें पडलेल्या मुलाचे एकमेव मित्र असतात.

एवढें सारें ज्यांच्यावर सोपवलें, त्यांची स्वतःची स्थिति काय? महाराष्ट्रांत खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ सालीं झाला. लेखी नेमणूक, परिवीक्षेचा काळ, त्यानंतर कायमपणा आणि अन्यायानें काढून टाकल्यास न्यायाधिकरणाकडे दाद, अशी तरतूद त्यांत आहे. कायदा चांगला आहे. पण सरकारी अनुदान नसलेल्या शाळांतून सहीच्या कागदावर एक पगार आणि हातांत दुसरा, दर मे महिन्यांत नोकरी संपवून जूनमध्यें पुन्हा नेमणूक, अशा तक्रारी वारंवार ऐकूं येतात. २०२० सालीं महामारीनें शाळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां अशा अनेक शाळांतील शिक्षकांचे पगार कापले गेले आणि कित्येकांना दुसरा उद्योग शोधावा लागला.

संस्थाचालकांचीहि एक बाजू आहे, ती ऐकावयास हवी. विनाअनुदानित शाळेचें उत्पन्न म्हणजे फी. कारखान्यांतल्या हंगामी कामगाराला फी वाढवून सांगणें सोपें नाहीं, आणि न वाढवतां चांगला पगार देणें त्याहून अवघड. पण मग जो पैसा आहे तो प्रथम कशावर खर्च करावा, हा प्रश्न उरतोच. दर्शनी कमानीवर आणि रंगीत फलकांवर जर तो आधीं गेला, तर शिक्षक टिकत नाहीं. आणि शिक्षक न टिकल्याचें नुकसान पालकाला दिसत नाहीं, कारण तें हिशेबाच्या वहींत उतरत नाहीं. सहावींत अपूर्णांक एकानें सुरू करावेत, दुसऱ्यानें मध्येंच सोडावेत आणि तिसऱ्यानें ते येतात असें धरून सातवींत बीजगणित मांडावें. मूल मात्र समजतें कीं आपणच मठ्ठ आहों. ही समजूत एकदां बसली कीं ती काढावयास फार वर्षें लागतात.

म्हणून श्रोत्यांतील आईबापांना माझी एक सूचना आहे. जूनमध्यें शाळेंत जाल तेव्हां तीन गोष्टी विचारा. माझ्या मुलाला शिकवणारे कोण आणि काय शिकलेले आहेत? ते येथें किती वर्षें आहेत? त्यांना दिवसाला किती तास घ्यावे लागतात, आणि तयारीला वेळ मिळतो काय? हे प्रश्न शांतपणें, सभ्यपणें, पण दरवर्षीं विचारले गेले, तर संस्थाचालकांना त्यांचीं उत्तरें तयार ठेवावीं लागतील. आणि उत्तरें बरीं देतां यावीं म्हणून तरी शिक्षकांना बरें वागवावें लागेल. सरकारी निरीक्षक वर्षांतून एखादे वेळीं येईल. पालक रोज फाटकाशीं उभा असतो. त्याच्या विचारण्याला निरीक्षकाच्या शेऱ्याहून अधिक वजन आहे, एवढें त्यानें ओळखावें.