अळी कोष का करीत नाही?

तुमच्यापैकी काहींनी तुती लावली आहे, घरी रेशीम-अळ्या आहेत. म्हणून आज अळीच्या अंगातल्या दोन रसांविषयी बोलायचं आहे. शास्त्रात त्यांना संप्रेरके म्हणतात.

एक रस छातीतल्या ग्रंथींतून येतो. तो अळीला कात टाकायला लावतो. दुसऱ्याच्या ग्रंथी मेंदूच्या मागे असतात. तो अळीला अळीच ठेवतो. दोन्ही रस असले की कात टाकून पुन्हा अळीच निघते, फक्त मोठी. असं चार वेळा होतं. पाचव्या अवस्थेत दुसरा रस आटतो. मग अळी पाला सोडते, पिवळसर पारदर्शक दिसते आणि विणू लागते. हे रस असतात तरी किती? १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशमाचे ५०० किलो कोषकीटक घेऊन कातीचा रस वेगळा काढला. तो भरला २५ मिलिग्रॅम!

आता कामाचं. कापसावरच्या पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सिफेन हे औषध मिळतं. ते या दुसऱ्या रसाची नक्कल करतं. कापसावर ते उपयोगीच, पण त्याचे तुषार वाऱ्यानं तुतीवर आले तर अळीचा दुसरा रस जणू आटतच नाही. अळी खात राहते, फुगते, कोष मात्र करीत नाही. पाला गेला, मजुरी गेली, चंद्रिका रिकामी.

आपण पाच-दहा अळ्यांना पाला घालून पारख करतो ना, ती इथं चालत नाही बरं का. जहाल विषानं अळी काही तासांत तडफडते. यानं ती धडधाकट दिसते. म्हणून शेजाऱ्याला आधीच भेटा. कोणतं औषध, कोणत्या दिवशी, वारा कुठला, हे विचारून घ्या. तुषार आलेच तर त्या बाजूच्या ओळींचा पाला अळ्यांना घालू नका. छाटून टाका, नवी फूट येऊ द्या. कापसाचा पंप तुतीत आणूच नका.

पहिल्या रसाचा मात्र फायदा घेता येतो. वनस्पतींपासून काढलेला तसा रस बाजारात मिळतो. थोड्या अळ्या पिकलेल्या दिसल्या की तो पाल्यावर शिंपडून द्यावा. मागच्या-पुढच्या अळ्या बरोबरीनं चंद्रिकेवर चढतात, मजुरी वाचते. घाई केली तर पोट भरण्याआधीच अळी विणू लागते आणि कोष हलका भरतो.