पूर ओसरल्यावर नकाशा कोण काढतो ?

(नदीकाठच्या एका गावी वाचनालयात शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



शेतातली कामे व हातातले धंदे टाकून आपण येथे आलात, तेव्हा लांबण न लावता मुद्द्यावर येतो. २०१९ सालचे पाणी कोणाच्या उंबऱ्याला लागले व कोणाच्या आढ्याला, हे येथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पूर चढू लागला म्हणजे जनावरांची दावी सोडावी, म्हातारी माणसे व लेकरे उंचावर न्यावी, हे मी आपणांस शिकवावे असे नाही. मला बोलावयाचे आहे ते पूर ओसरल्यानंतरचे. पाणी जाते, चिखल राहतो, आणि मग कागद येतो. त्या कागदात ज्याचे नाव असते त्याचे घर लवकर उभे राहते. ज्याचे नाव नसते त्याची गत काय होते, हे सांगण्यासाठी आपणांस एका परक्या शहरात नेतो.

अमेरिकेत मिसिसिपी नावाची महानदी आहे. तिच्या मुखाजवळ न्यू ऑर्लिन्स हे शहर वसले आहे. आपल्याकडे नदीजवळची जागा सखल असते. तेथे उलट आहे. नदीने हजारो वर्षे गाळ टाकून आपलाच काठ उंच केला, आणि काठापासून दूर जावे तसतशी जमीन उतरत जाते. जुनी वस्ती त्या उंच काठावर झाली. मागे सगळी दलदल होती. विसाव्या शतकात मोठमोठे पंप लावून ती दलदल उपसली व तेथे घरे बांधली. पाणी काढलेली माती सुकून खचली, आणि निम्म्याच्या आसपास शहर समुद्राच्या पातळीखाली गेले. म्हणजे भोवती बांध आणि मध्ये परात, असे ते शहर झाले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना नावाचे चक्रीवादळ आले. शहराच्या रक्षणासाठी सरकारच्या लष्करी अभियंता खात्याने कालव्यांच्या कडेने भिंती बांधल्या होत्या. त्यांतील काही तर पाणी माथ्यावर चढण्यापूर्वीच पायातून सरकल्या. शंभरांपैकी ऐंशी हिस्से शहर बुडाले व कित्येक आठवडे बुडालेले राहिले. तेव्हा हे अस्मानी संकट खरे, पण त्यात माणसाच्या कामाची कसूरही होती. पाण्याने गोरा-काळा भेद केला नाही. लेकव्ह्यू नावाची सुखवस्तू गोऱ्यांची वस्ती बुडाली, तशी लोअर नाइन्थ वॉर्ड ही काळ्या कष्टकऱ्यांची वस्तीही वाहून गेली. भेद झाला तो पुढे.

महापौर रे नेगिन यांनी शहर पुन्हा वसविण्यासाठी एक मंडळ नेमले. जानेवारी २००६ मध्ये त्या मंडळाची योजना बाहेर आली, आणि वर्तमानपत्रात तिचा नकाशा छापला गेला. नकाशावर काही वस्त्यांवर हिरवी वर्तुळे होती. तेथे पुढे बागा व मोकळी मैदाने करावी, असा त्याचा अर्थ. शिवाय बुडालेल्या वस्त्यांनी काही महिन्यांत आपण परत येणार हे सिद्ध करावे, तोवर बांधकामाचे परवाने थांबवावे, अशीही सूचना होती. आता विचार करा. ज्यांनी हे सिद्ध करावयाचे, ती माणसे ह्यूस्टन, अटलांटा अशा दूरदूरच्या शहरांत परक्याच्या आसऱ्याला पडलेली. आपल्या घरावर बाग उगवणार ही बातमी त्यांना पेपरात वाचावी लागली.

मंडळाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. सखल जागी पुन्हा पाणी येणार, माणसे थोडी, पैसा अपुरा. सर्वत्र विरळ वस्ती करण्यापेक्षा उंचावर दाट वस्ती करावी, यात शहाणपण होते. चूक अशी की, उठणाऱ्याला दुसरे घर कोठे व केव्हा मिळेल, हे अगोदर पक्के केले नाही. आणि ज्याला उठवावयाचे त्याला विचारले नाही. लोक खवळले व महापौरांना माघार घ्यावी लागली.

परंतु नुसते खवळून भागत नाही. ब्रॉडमूर नावाच्या वस्तीवरही हिरवे वर्तुळ पडले होते. तेथील रहिवासी, काळे नि गोरे, एकत्र बसले. कोणाचे घर कोणत्या अवस्थेत आहे, कोण परत येणार, कोण कोठे आहे, याची घरोघर नोंद त्यांनी स्वतः केली. विद्यापीठातील जाणत्यांची मदत घेतली, आणि आपल्या वस्तीची योजना आपणच लिहून काढली. वस्ती टिकली. वाचनालयही पुन्हा उघडले.

सबंध शहराच्या योजनेसाठी २००६ च्या अखेरीस मोठ्या सभा भरल्या. पहिल्या सभेला आले ते बहुतेक गोरे व खाऊनपिऊन सुखी लोक. हा काही सगळ्या शहराचा कौल नव्हे, हे चालकांनी ओळखले. डिसेंबरातील सभा त्यांनी न्यू ऑर्लिन्सबरोबरच पांगलेले लोक ज्या शहरांत होते तेथेही एकाच वेळी भरविली व दूरचित्रवाणीने जोडली. सुमारे २५०० माणसे बोलली आणि त्यांत काळ्यांचा वाटा पुष्कळ होता. २००७ साली मंजूर झालेल्या योजनेला वजन आले ते यामुळे.

आता पैशाचे पाहू. घरमालकांना मदत देण्यासाठी सरकारने एक योजना काढली. नियम असा की, घराची पुरापूर्वीची बाजारकिंमत व दुरुस्तीचा खर्च, यांत जी रक्कम कमी ती हिशेबाला धरावी. शाळेतल्या गणितासारखे मांडू. समजा, दोन सारखीच घरे आहेत व दुरुस्ती प्रत्येकी एक लाख डॉलरांची आहे. गोऱ्या वस्तीतल्या घराची किंमत दीड लाख, म्हणून त्याला लाखाचा हिशेब. काळ्या वस्तीत तसल्याच घराला बाजारात साठ हजार, म्हणून त्याला साठ हजारांचा. विटा-लाकूड मात्र दोघांनाही एकाच भावाने घ्यावयाचे ! नियमात जातीचा वा वर्णाचा शब्द नव्हता, तरी फळ तेच. लोक न्यायालयात गेले. २०११ साली तडजोड होऊन आणखी सहा कोटी वीस लाख डॉलर द्यावे लागले. पण तोवर सहा वर्षे गेली होती.

दुसरी अडचण आपल्या फार ओळखीची आहे. लोअर नाइन्थ वॉर्डात गरिबी होती, तरी निम्म्याहून अधिक कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. पण घर आजोबांनी घेतलेले, आजोबा वारले, मुले-नातवंडे राहत आली आणि वारसाचा कागद कोणी केलाच नाही. मदत मागावयास गेल्यावर प्रश्न आला, घर तुमचे कशावरून ? भाडेकऱ्यांची दशा तर याहून वाईट. सरकारी चाळींतील सुमारे ४५०० बिऱ्हाडांच्या इमारती पाडण्यास नगर परिषदेने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने संमती दिली. लोअर नाइन्थ वॉर्डात २००० च्या शिरगणतीत १४,००८ माणसे होती; २०१० मध्ये उरली २,८४२.

हे वाचताना मला आपलाच पंचनामा आठवला. यादी करावयास मी बसलो होतो. एक कुंभारदादा आले. घराचा उतारा आजोबांच्या नावे, आजोबांना जाऊन तीस वर्षे झालेली. ते म्हणाले, “गुरुजी, आव्यातली भिजलेली मडकी कुठल्या रकान्यात लिहिता ?” माझ्या कागदात तसा रकाना नव्हता. मी मान खाली घातली.

म्हणून चार गोष्टी सांगून पुरे करतो. एक : कोरड्या दिवसांत वारसनोंद करून घ्या, जमिनीची तलाठ्याकडे, घराची ग्रामपंचायतीत. घरातल्या बायांची नावेही लावा. दोन : आळीआळीची यादी आपणच करून ठेवा. तीत भाडेकरू, विधवा, चाक, भाता, माग, सारे येऊ द्या. तीन : ग्रामसभेला जा, आणि ऊसतोडीला वा कारखान्यात गेलेल्यांचे म्हणणेही कळवा. चार : सखल जागेचा हट्ट धरू नका. पण उठावयाचेच तर आळी सगळी मिळून उठेल, आणि घर व धंद्याची जागा आधी हातात घेऊनच उठेल, एवढे ठरवा.

न्यू ऑर्लिन्सभोवती पुढे अब्जावधी डॉलर खर्चून नवे बांध झाले. २०२१ मध्ये त्याच २९ ऑगस्टला आयडा वादळ आले, तेव्हा ते टिकले. पक्का बांध बांधता येतो, हे खरे. पण तो बांध झाला तेव्हा त्याच्या आत परतलेले किती व बाहेर राहिलेले किती, हे अगोदरच्या कागदांनी ठरवून टाकले होते. उद्या सकाळी शाळा सुटल्यावर मी याच ओट्यावर बसतो. ज्यांचा उतारा अजून वडिलांच्या वा आजोबांच्या नावे आहे, त्यांनी तो घेऊन यावे. अर्ज मी लिहून देतो.