लिलावातली रांग आणि आपला सातबारा
(जिल्हा बैठकीत तालुका प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



कापसाच्या भावावर दुपारी बोलायचे आहेच. आता अर्धा तास सातबाऱ्याच्या एका रकान्यावर बोलू. ‘इतर हक्क’ असे त्या रकान्याचे नाव. आपण सातबारा काढतो तो पीक कर्जासाठी, नाहीतर विम्यासाठी. नाव बरोबर आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, एवढे पाहतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. ‘इतर हक्कां’त काय लिहिले आहे ते वाचायची वेळ येते जप्तीची नोटीस दारावर चिकटल्यावर.

२०११ सालची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ज्याची जमीन गेली तो माणूस आजही त्याच गावात राहतो. पाच एकर कोरडवाहू, निम्मी ज्वारी, निम्मी पऱ्हाटी. बापाच्या काळात भूविकास बँकेचे विहिरीचे कर्ज काढलेले. विहिरीला पाणी लागले नाही, घराला कर्ज मात्र लागले. बाप गेला, वारसाची नोंद झाली, जमीन मुलाच्या नावावर आली आणि जमिनीबरोबर बोजाही आला. मुलाने गावच्या सोसायटीकडून पीक कर्ज घेतले. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, कर्ज थकले. सोसायटीने कलम १०१ चा वसुली दाखला मिळवला, जप्ती झाली आणि एके सकाळी चावडीपुढे लिलाव पुकारला.

आम्ही तिथे हजर होतो. विक्री अधिकाऱ्याने जाहीरनामा वाचला. सोसायटीची बाकी एक लाख ऐंशी हजार. भूविकास बँकेच्या बोज्याचा त्यात एक शब्द नाही. बोली लावायला जमलेली चार-पाच माणसे आसपासचीच, त्यामुळे विहिरीचे जुने कर्ज आहे हे सगळ्यांना ठाऊक. ते व्याजासकट किती झाले हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. बोली दोन लाख दहा हजारांवर थांबली. त्या शिवारात तशा जमिनीला आठ लाख सहज मिळत होते.

मग सुरू झाला वाद. भूविकास बँकेचा माणूस पत्र घेऊन आला आणि म्हणाला, आमचे गहाण आधीचे, आधी आमचे पैसे. सोसायटीचे सचिव म्हणाले, दाखला आमचा, लिलाव आमचा, पैसे आमचे. अर्धा तास दोघे भांडले. ज्याची जमीन तो कडुनिंबाखाली उकिडवा बसलेला. त्याला कोणी काही विचारले नाही, आणि त्यालाही वाटत होते की हे दोघांचे भांडण आहे, आपला त्यात काय संबंध? खरे सांगायचे तर त्या सकाळी आम्हालाही तसेच वाटले होते.

संबंध होता, आणि तो फक्त त्याचाच होता. कसा ते समजून घेऊ.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा खड्डा खणून मातीचे थर पाहायला शिकवत. वरचा थर काळा कसदार, खाली मुरूम, त्याखाली खडक. वरून पाहून पिकाची मुळे कुठवर जातील हे कळत नाही. ‘इतर हक्क’ रकान्यातही असेच थर असतात. एकाच जमिनीवर दोन-तीन देणेकऱ्यांचा हक्क असला की त्यांची रांग लागते. साधा नियम मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात आहे : ज्याचा हक्क आधी निर्माण झाला तो पुढे, नंतरचा मागे. आधीच्या सावकाराने किंवा बँकेने लबाडी केली किंवा घोर निष्काळजीपणा केला, आणि त्यापायी दुसऱ्याने फसून त्याच जमिनीवर पैसे दिले, तर आधीच्याला मागे ढकलण्याची सोयही त्याच कायद्यात आहे.

पण सोसायटीचे कर्ज या साध्या नियमावर चालत नाही. सहकारी संस्थांचा आपल्या राज्याचा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ४८ प्रमाणे आपण कर्ज घेताना जमिनीवर बोजा चढवल्याचे घोषणापत्र लिहून देतो. बहुतेकांनी त्यावर सह्या केल्या आहेत आणि वाचले कोणीच नाही. त्या घोषणापत्राने सोसायटीला जमिनीवर पहिला हक्क मिळतो आणि पूर्ण कर्ज फिटेपर्यंत ती जमीन विकायला बंदी येते. विकली तर तो व्यवहार रद्दबातल. पण हा पहिला हक्कसुद्धा सगळ्यांच्या पुढचा नाही. सरकारचा शेतसारा आणि शेतसाऱ्यासारखी वसूल होणारी देणी त्याच्याही पुढे. आणि भूविकास बँकेची बाकीही पुढे, मग तिचे कर्ज आधीचे असो की नंतरचे. तेव्हा त्या सकाळच्या वादात बँकेचा माणूस खरे बोलत होता.

आता लिलावात काय होते? सोसायटीच्या वसुलीचा लिलाव १९६१ च्या नियमांतल्या १०७ व्या नियमाप्रमाणे होतो. रांगेत पुढे असलेल्याचा बोजा या लिलावाने पुसला जात नाही. जमीन विकत घेणारा तो बोजा डोक्यावर घेऊनच जमीन घेतो. म्हणून जाहीरनाम्यात आधीचे बोजे लिहायचे असतात.

हिशेब मांडू. जमिनीची किंमत आठ लाख. समजा भूविकासची बाकी व्याजासकट तीन लाख आहे आणि जाहीरनाम्यात ती स्वच्छ लिहिली आहे. शहाणा माणूस आठातून तीन वजा करतो आणि पाच लाखांपर्यंत बोली नेतो. पाचातून सोसायटीचे एक लाख ऐंशी हजार गेले की उरतात तीन लाख वीस हजार. ते कोणाचे? जमीन ज्याची होती त्याचे. खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाला परत द्यायची असते. आता तीच बाकी अंधारात ठेवा. बोली लावणारा विचार करतो, तीन लाख असेल, पाच असेल, सहाही असेल. तो वाईटात वाईट आकडा धरतो आणि दोन लाखांवर थांबतो. सोसायटीला तिचे पैसे मिळाले. बँकेचा बोजा जमिनीवर शाबूत राहिला. घेणाऱ्याने भीतीची किंमत आधीच कापून घेतली. तिघांपैकी कोणीही बुडाला नाही. भीतीचा सगळा भुर्दंड मालकाच्या तीन लाख वीस हजारांतून गेला. रांग कोणाची पुढे, कोणाची मागे, आणि कोणाचे किती, हे स्पष्ट नसले की नुकसान होते ते रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाचे, आणि शेवटी नेहमी मालकच उभा असतो.

म्हणून जप्तीची नोटीस आली की पहिले काम सांगतो. रडणे, पुढाऱ्याच्या बंगल्यावर चकरा मारणे, हे मागाहून. आधी ज्याचा ज्याचा बोजा सातबाऱ्यावर आहे त्या प्रत्येकाकडून आजची बाकी लेखी मागा. ती पत्रे अर्जासोबत वसुली अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या आणि जाहीरनाम्यात आकड्यांसह नोंद करा असे लिहा. एखादे कर्ज फिटले असेल आणि बोजा तसाच राहिला असेल, तर बेबाकीचा दाखला काढून फेरफार करून घ्या. फिटलेल्या कर्जाचा न उतरलेला बोजासुद्धा बोली पाडतो.

आता आमची चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये.

लिलाव झाल्यावर जमीन लगेच जात नाही. विक्रीच्या दिवसापासून तीस दिवस असतात. या तीस दिवसांत दोन दारे उघडी असतात. एक दार पैशाचे. बोलीच्या रकमेवर शेकडा पाच टक्के घेणाऱ्यासाठी भरायचे, आणि जाहीरनाम्यातली थकबाकी, तिच्यावरचे व्याज व खर्च भरायचा. विक्री रद्द होते, कारण विचारत नाहीत. आमच्या माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे दहा हजार पाचशे आणि थकबाकी एक लाख ऐंशी हजार. मिळून एक लाख नव्वद हजार पाचशे आणि वर थोडे व्याज-खर्च. दुसरे दार तक्रारीचे. लिलावात गंभीर अनियमितता, चूक किंवा लबाडी झाली आणि त्यामुळे आपले मोठे नुकसान झाले, असे सिद्ध करून विक्री रद्द करून घ्यायची.

जाहीरनाम्यात बोजा नाही म्हणजे अनियमितता उघड आहे, असे आम्हाला वाटले. आम्ही त्याला म्हणालो, पैसे कशाला भरतोस, हा लिलाव आपण पाडू. तक्रारीचा अर्ज आम्हीच लिहून दिला. त्याच्या सासऱ्याने बैलजोडी विकून आणि नातेवाइकांकडून उसने घेऊन सव्वा लाख जमवले होते, उरलेले आठ दिवसांत जमणार होते. आम्ही ते थांबवले. आम्हाला हे माहीत नव्हते की तक्रारीचा अर्ज उभा असेपर्यंत पैशाचे दार बंद असते. तो अर्ज मागे घेतला तरच पैसे भरता येतात, आणि तेही त्याच तीस दिवसांत. अर्जावर निर्णय आला तेव्हा तीस दिवस केव्हाच उलटून गेले होते. निर्णय असा, की चूक झाली हे खरे, पण तिच्यामुळे किंमत कमी आली याचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे काय, तर शेजारच्या गटांची खरेदीखते. ती आम्ही जोडलीच नव्हती. विक्री कायम झाली.

त्याने आम्हाला आजवर एक वाकडा शब्द ऐकवलेला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढची कथा ऐका. भूविकास बँका २०१५ साली गुंडाळल्या गेल्या. २०२२ साली राज्य सरकारने त्यांच्या चौतीस हजारांवर थकबाकीदार शेतकऱ्यांची ९६४ कोटींची कर्जे माफ केली आणि सातबाऱ्यावरचे बोजे उतरले. या पाच एकरांवरचाही उतरला. पण तोवर सातबारा दुसऱ्याच्या नावाचा होता. बोज्याच्या भीतीने स्वस्तात घेतलेली जमीन बोजाशिवाय त्याच्याकडे राहिली.

मागच्या बैठकीत एका मायबहिणीने मुदत खरेदीचे विचारले होते. सावकार कर्ज देतो आणि जमिनीचे खरेदीखत करून घेतो, तोंडी म्हणतो की पैसे दिले की परत फिरवू. हे गहाण की विक्री? कायद्यात १९२९ साली दुरुस्ती झाली आहे : जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर ते शर्तीचे गहाण धरत नाहीत. अट वेगळ्या कागदावर असेल तर तो कागद गहाणाला पुरत नाही. गहाण असले तर सोडवून घ्यायचा हक्क राहतो, विक्री ठरली की तुम्ही रांगेतही नाही. सावकारीच्या २०१४ च्या कायद्याखाली मात्र जिल्हा निबंधकाला कागदाच्या मागे जाऊन, हा व्यवहार मुळात सावकारीचा आहे का, हे तपासता येते आणि जमीन परत देता येते. अर्जाला मुदत आहे, तेव्हा बसून राहू नका.

दुसरा प्रश्न, बँक २००२ च्या कायद्याने कोर्टात न जाता जमीन ताब्यात घेईल का? शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. पण नुसते सातबाऱ्यावर शेती लिहून भागत नाही, जागेवर शेती होते का हे न्यायालय पाहते. ज्यांनी गोदामासाठी, दुकानासाठी बिनशेती करून तारण दिले त्यांना तो कायदा पुरेपूर लागू आहे. तिथे तीस दिवस विसरा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की सोडवून घेण्याचा हक्क संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ते पक्के केले.

आणि जिनिंगवाल्यांकडे उधारीवर कापूस टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जिनिंग बुडाली की बँक आणि विक्रीकर खाते यांच्यात पहिला कोण यावर वर्षानुवर्षे भांडणे चालत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात निवाडा दिला, की तारणाची केंद्रीय नोंदणी केलेली असेल तर बँक सरकारी कराच्या पुढे. त्या रांगेत कापूस देणारा शेतकरी कुठे आहे? त्याच्याकडे गहाण नाही, बोजा नाही, असलीच तर हातातली कच्ची चिठ्ठी आहे. दोघांचे भागून काही उरले तर त्याचा विचार. भाव दोनशे रुपयांनी जास्त मिळतो म्हणून दोन महिन्यांच्या चुकाऱ्यावर कापूस टाकताना ही रांग डोळ्यापुढे आणा.

जेवणानंतर मांडवाच्या डाव्या अंगाला दोन टेबले लावली आहेत. ज्यांनी सातबारा आणि जुने फेरफार आणले आहेत त्यांचे रकाने एकेक करून वाचू. नोटीस आलेली असेल तर तिच्यावरची तारीख आधी सांगा, बाकीचे सगळे मागाहून.