नव्वद सेकंदांच्या हिशेबातला प्रवासी



विमान देखभाल, केबिन क्रू प्रशिक्षण आणि विमानतळ अग्निशमन या तिन्ही क्षेत्रांतले सहकारी आणि विद्यार्थी जमलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलं आहे. आपल्या व्यवसायात इंजिनावर बोलणारे पुष्कळ, एव्हिऑनिक्सवर बोलणारे त्याहून जास्त. दाराच्या आतल्या अंगाला घडी घालून ठेवलेल्या स्लाइडवर मात्र क्वचितच कुणी बोलतं. जिचा उपयोग करायची वेळ येऊच नये असं सगळ्यांना वाटतं, त्या वस्तूकडे लक्ष कमी जाणारच. आज मी तिच्यावरच बोलणार आहे, आणि तिच्यावरून उतरणाऱ्या माणसावर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विमानातून तातडीने बाहेर पडण्याच्या साधनांचे निकष कडक आहेत, आणि ते असे कडक व्हावेत म्हणून माणसांनी जिवाची किंमत मोजली आहे. पण ही साधनं वापरणारा प्रवासी नियमांनी फार निवडून घेतलेला आहे. तो प्रवासी मुंबई-दुबई किंवा मुंबई-नेवार्क विमानात शोधायला गेलात तर थोडाच सापडेल. साधन जेवढं तपासतो तेवढंच आता माणसाचं गृहीतक तपासायला हवं.

आधी साधनाकडे येतो. आपल्यापैकी अनेकांना हे पाठ आहे, पण विद्यार्थ्यांसाठी सांगतो. पंखावरची दारं वगळता, ज्या दाराचा उंबरा जमिनीपासून 6 फुटांहून उंच आहे तिथे खाली उतरायची सोय असलीच पाहिजे, असं अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांचा भाग 25 सांगतो. त्या दाराची स्लाइड उलगडायला लागल्यापासून 6 सेकंदांत आपोआप फुगून उभी राहिली पाहिजे. वारा 25 नॉट, म्हणजे ताशी साधारण 46 किलोमीटर, तोही सर्वांत अडचणीच्या कोनातून येत असताना, खाली आधाराला एकच माणूस असला तरी ती वापरता आली पाहिजे. चाकांचा एखादा पाय मोडून विमान कललं तरी तिचं खालचं टोक जमिनीला टेकलं पाहिजे. आणि हे सगळं लागोपाठ पाच वेळा, एकदाही न चुकता.

या सहा सेकंदांत काय घडतं ते वर्कशॉपमध्ये उभं राहून पाहण्यासारखं आहे. दार 'आर्म' केलं की स्लाइडच्या वरच्या कडेचा गर्ट बार फरशीतल्या कड्यांत अडकतो. दार बाहेर ढकललं की स्लाइडचं गाठोडं खाली पडतं, सिलिंडरची झडप ओढली जाते, आणि दाबाखालचा वायू ॲस्पिरेटरमधून सुसाटत जाताना बाहेरची हवा आत खेचतो. फुगलेल्या स्लाइडमध्ये बहुतेक ही बाहेरचीच हवा असते. नुसत्या सिलिंडरवर भागवायचं तर तो दारात मावणार नाही. उघडतानाची शिस्त आणखी पाहण्यासारखी. घड्या मध्ये मध्ये ठरावीक ताकदीला तुटणाऱ्या दुव्यांनी धरलेल्या असतात. एक दुवा तुटला की पुढची घडी सुटते. क्रम चुकला तर स्लाइड विमानाच्या पोटाखाली वळेल किंवा स्वतःतच गुंतेल. म्हणून पॅकिंग करणारा तंत्रज्ञ लांबलचक स्वच्छ मेजावर प्रत्येक घडीवर तळहात फिरवतो, कापडात एकही टणक सुरकुती राहू देत नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्याची सही घेतो. आपलं काम नीट झालं की नाही, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. या सभागृहात असे काहीजण बसले आहेत. त्यांचा मी विशेष उल्लेख करतो, कारण प्रवाशांना त्यांची नावं माहीत नसतात.

आता या निकषांच्या मुळाशी असलेल्या घटना. 1 मार्च 1978 रोजी लॉस एंजेलिसमध्ये काँटिनेंटलच्या डीसी-10 विमानाचे टायर उड्डाणाच्या धावेत फुटले. वैमानिकांनी उड्डाण सोडलं, चाकांचा एक पाय मोडला, डाव्या बाजूला आग लागली. स्लाइड उघडल्या, पण आगीच्या नुसत्या झळीने, ज्वाळा लागण्याआधीच, त्यांतली हवा गेली. साधन होतं, चाललंही होतं. उष्णतेपुढे टिकलं नाही. त्यानंतर संशोधन झालं आणि 1983 मध्ये स्लाइडच्या मानकात उष्णता-प्रारणाची चाचणी आली. आज स्लाइडचं कापड चंदेरी दिसतं, त्यामागे हा अपघात आहे.

2 जून 1983 रोजी एअर कॅनडाचं डीसी-9 विमान डॅलसहून टोरांटोला निघालं होतं. मागच्या स्वच्छतागृहात आग लागली आणि विमान सिनसिनाटीला उतरवलं. ते नीट उतरलं. दारं उघडली. आत धूर इतका दाट होता की छताजवळच्या खुणा दिसेनात. दारं उघडून दीड मिनिटही झालं नसेल, तेवढ्यात आत एकदम भडका उडाला. 46 जणांपैकी 23 गेले. पुढच्या वर्षी अमेरिकेने नियम केला की सीटच्या गाद्यांवर आग रोखणारं आवरण असावं आणि बाहेर पडायची वाट फरशीजवळ उजळावी. धूर वर साठतो, म्हणून दिवे खाली.

पुढच्या घटनेवर मी जरा थांबणार आहे. 22 ऑगस्ट 1985, मँचेस्टर. ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग 737 ने उड्डाण अर्ध्यावर सोडलं. विमान धावपट्टीवरून बाजूला वळून थांबलं. कुणी पडलं नव्हतं, कुणी आपटलं नव्हतं. 137 पैकी 55 जण मेले, बहुतेक धुराने आणि विषारी वायूंनी. पुढचं उजवं दार उघडताना स्लाइडच्या पेटीचं झाकण अडकलं आणि मोलाचा वेळ गेला. पंखावरची खिडकी एका प्रवासिनीने उघडली, तर ती जड झडप आत तिच्याच अंगावर पडली. पुढच्या बाजूच्या दोन पार्टिशनमधली फट अरुंद होती. तिथे माणसं अडकली. तपास अहवालात यांतलं प्रत्येक कारण स्वतंत्रपणे आलं. त्यावरून पंखावरच्या दाराजवळची वाट रुंद झाली, आणि पुढे 737 च्या नव्या पिढीत ती झडप बाहेर वर उघडणारी, बिजागरीची झाली. धुरापासून बचावाचे मुखवटे प्रवाशांना द्यावेत ही सूचनाही झाली होती. ती नियमात आली नाही, कारण मुखवटा चढवण्यात जाणारा वेळच जीव घेईल अशी भीती होती. हा युक्तिवाद मला पूर्ण पटलेला नाही, पण त्यातली भीती खरी आहे.

आता नव्वद सेकंदांकडे येऊ. 44 हून अधिक प्रवासी-आसनांच्या विमानाच्या उत्पादकाने सिद्ध करायचं असतं की भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं होतं. अंधारात, निम्मी दारं बंद ठेवून, वाटेत सामान, उशा, चादरी टाकून. 26 मार्च 2006 रोजी हँबुर्गला एअरबस ए-380 मधून 873 माणसं 78 सेकंदांत उतरली. सोळापैकी आठ दारं उघडी होती. अभियांत्रिकीचा तो मोठा दिवस होता, यात शंका नाही.

पण उतरणारी माणसं कोण होती? नियमाचं परिशिष्ट सांगतं की किमान 40 टक्के स्त्रिया, 35 टक्के पन्नाशीपुढचे, 15 टक्के पन्नाशीपुढच्या स्त्रिया, आणि तान्ह्या मुलांच्या जागी तीन बाहुल्या. सगळे प्रकृतीने ठीक. पूर्वीच्या नियमात बारा वर्षांखालची मुलं किमान 5 टक्के होती, साठीपुढचे सुमारे 5 टक्के होते. 1993 मध्ये ही अट गेली. कारण समजण्यासारखं आहे. 1991 मध्ये लाँग बीचला एमडी-11 च्या चाचणीत साठ वर्षांच्या एका स्त्रीला कायमचा अर्धांगवायू झाला. ए-380 च्या चाचणीतही एकाचा पाय मोडला. चाचणीसाठी कुणाच्या आईला पंगू करणं कोणत्याही नियामकाला मान्य होणार नाही, मलाही नाही. पण चाचणीतून ज्येष्ठ आणि मुलं गेली म्हणून विमानातून ती गेलेली नाहीत.

आपल्या विमानतळावर जाऊन पाहा. अमेरिकेच्या विमानाच्या बोर्डिंगला व्हीलचेअरवर बसलेल्या आजी-आजोबांची रांग असते. पुण्याचे, नाशिकचे, सांगलीचे आई-बाबा नातवंडांना भेटायला निघालेले. गुडघे दुखतात, साडी नेसलेली, हातात औषधांची पिशवी, इंग्रजी घोषणा अर्धीच कळते. यांना 'उडी मारा, हात समोर धरा' असं ओरडून सांगितलं तर त्या क्षणी काय होईल, याचं उत्तर त्या परिशिष्टात नाही. 2019-20 मध्ये ओक्लाहोमाला अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने, एफएएने, सीटच्या अंतरावर चाचण्या घेतल्या, त्यांतही साठीपुढचे, अपंग आणि लहान मुलं नव्हती. 2024 च्या अमेरिकी कायद्याने मात्र हे सगळे घटक धरून निकषांचा फेरविचार करायला सांगितलं आहे. आपण त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते दोन घटनांत दिसतं. 3 ऑगस्ट 2016 रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं 777 धावपट्टीवर पोटावर आपटलं. विमानात 300 जण होते आणि बहुसंख्य प्रवासी भारतीय. वाऱ्याने काही स्लाइड उचलल्या, काही दारांबाहेर धूर होता, आणि डोक्यावरचे कप्पे उघडून सामान काढणारे प्रवासी सगळ्या जगाने व्हिडिओत पाहिले. विमानातले सगळे वाचले. इंधनाच्या टाकीच्या स्फोटात एक अग्निशामक जवान गेला. सामान काढणाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण ज्याचा पासपोर्ट, कामाचा व्हिसा आणि वर्षाची कमाई त्या पिशवीत आहे, त्याला केवळ घोषणेने थांबवता येणार नाही. अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेने, एनटीएसबीने, 2000 साली 46 प्रसंगांचा अभ्यास केला, तिथेही केबिनमध्ये सामान आणलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ते सोबत घ्यायचा प्रयत्न केला होता. कप्प्यांना आपोआप कुलूप लावावं अशी सूचना वारंवार येते. मला ती धोक्याची वाटते. न उघडणाऱ्या कप्प्याशी झटापट करणारा माणूस वाट आणखी जास्त वेळ अडवेल. त्यापेक्षा केबिनमध्ये येणारं सामानच कमी करा, आणि कागदपत्रं अंगावरच्या खिशात ठेवा हे उड्डाणापूर्वीच्या सूचनेत सांगा.

दुसरी घटना हानेडाची. 2 जानेवारी 2024 रोजी जपान एअरलाइन्सचं ए-350 उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या लहान विमानातले पाच जण गेले. ए-350 मधले सगळे, 379, वाचले. आठपैकी तीनच दारं वापरता आली. घोषणायंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोनवरून आणि घसा फोडून सूचना दिल्या. उतरल्यापासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत अठरा मिनिटं गेली. नव्वद सेकंद हा उत्पादकाच्या परीक्षेचा निकष आहे, प्रवाशाला दिलेलं वचन नाही, हे हानेडाने दाखवलं. तिथे क्रूने कोणतं दार उघडायचं नाही हे बरोबर ठरवलं, आणि प्रवाशांनी सामान सोडलं.

एक गोष्ट मला फार खटकते. पंखाजवळची सीट आज जादा पैसे घेऊन विकली जाते, पाय पसरायला जागा म्हणून. तिथे बसलेल्याकडे दार उघडायचं काम असतं. ए-320 ची पंखावरची झडप सुटून हातात येते; साधारण पंधरा किलोंची, ती बाहेर टाकायची असते. 737 ची झडप हँडल ओढताच वर उसळते. एकाच विमानतळावरून दोन्ही उडतात. प्रवाशाला विचारलं जातं, 'मदत कराल ना?' तो मान हलवतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. ज्या कामावर मागच्या पंचवीस-तीस माणसांचा जीव आहे, त्याची तयारी अशा होकारावर सोडता येत नाही.

म्हणून या परिषदेने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे काही ठोस मागण्या कराव्यात असं मी सुचवतो. ज्येष्ठ, अपंग आणि लहान मुलांसह विमान रिकामं करण्याचा अभ्यास भारतीय प्रवाशांवर, संगणकीय सिम्युलेशनने व्हावा. ग्रीनिच विद्यापीठाच्या एअरएक्झोडससारखी साधनं त्यासाठी आहेत, माणसं जखमी करायची गरज नाही. पंखाजवळच्या प्रवाशाला विमान गेटवर उभं असतानाच, त्याच्या भाषेत, समोर उभं राहून समजावून सांगावं; महाराष्ट्रातून उडणाऱ्या विमानात ते मराठीत सांगता आलं पाहिजे. स्लाइड उघडली नाही, उशिरा उघडली, किंवा चुकून उघडली, अशा प्रत्येक नोंदीचा वार्षिक अहवाल नावं न देता खुला व्हावा, म्हणजे पॅकिंग करणाऱ्या तंत्रज्ञाला आपल्या कामाचा निकाल कळेल.

या ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात तुमच्यासमोर येईल. त्यावर भांडा, दुरुस्त्या सुचवा, पण तो मंजूर केल्याशिवाय या सभागृहातून उठू नका, एवढी माझी विनंती आहे.