बॅटीवरचा स्पंज आणि उलट फिरकीचा चेंडू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चरोदा येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतसाहित्य, नाट्यसंगीत अथवा बृहन्महाराष्ट्राची वाटचाल अशा विषयांवर बोलण्याची रीत आहे. त्यासाठी अधिकारी वक्ते कार्यक्रमपत्रिकेत आहेतच. मी जन्मभर रेल्वेची नोकरी केली आणि ड्यूटीतून उरलेल्या संध्याकाळी इन्स्टिट्यूटच्या टेबल टेनिसच्या टेबलापाशी घालवल्या. तेव्हा मला जे थोडेफार कळते त्याविषयीच बोलावे, असे चिटणीसांनी सुचवले. विषय अवघ्या दोन मिलिमीटरचा आहे. वेळही त्याच मानाने घेईन.

आपल्या चरोद्याला हा खेळ का रुजला, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. मार्शलिंग यार्ड तीन पाळ्यांत चाले. क्रिकेटला बावीस माणसे एका वेळी मोकळी मिळणे अशक्यच. टेबल टेनिसला दोन माणसे पुरतात, आणि वैशाखातल्या छत्तीसगडच्या उन्हाला किंवा श्रावणातल्या झडीला हा खेळ जुमानत नाही. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, वर दोन दिवे, की झाले. नागपूरकडून आलेला मराठी कारकून, आंध्रातला गार्ड, बंगाली ड्रायव्हर आणि इथला छत्तीसगडी खलाशी अशी चौघांची जोडी एकाच टेबलाशी उभी राहिलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

आता मुद्द्याकडे येतो. बॅकस्पिन म्हणजे उलट फिरकी. आपली मुले तिला नुसते ‘कट’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याने बॅट चेंडूच्या खालून पुढे घासत नेली, की चेंडू आपल्याकडे येताना मागच्या अंगाला फिरत येतो. त्याची आपल्या बाजूची कड खालून वर धावत असते. उभ्या धरलेल्या बॅटीला ती टेकली, की रबर तिला पकडते आणि चेंडू खाली, थेट जाळ्यात जातो. सायकल उचलून तिचे फिरते चाक भिंतीला टेकवून पाहा. भिंतीकडची कड वर धावत असेल, तर चाक भिंतीवरून खाली उतरू पाहते. नवशिक्याला वाटते, आपला हात चुकला. वास्तविक त्याने काहीच केलेले नसते, आणि तीच त्याची चूक असते. उपाय दोनच. बॅटीचे तोंड आकाशाकडे कलते करून चेंडू हलकेच परत ढकलावा, त्यास पुश म्हणतात. किंवा बॅट खालून वर झपाट्याने घासत नेऊन चेंडू उचलावा, त्यास लूप म्हणतात.

या दोन्ही उपायांत रबराखालच्या स्पंजाची जाडी आपले म्हणणे मांडते. आजच्या बॅटीवर लाकूड, त्यावर स्पंज आणि स्पंजावर रबराचा पापुद्रा असतो. रबराचे दाणे सामान्यतः आत असतात, गुळगुळीत बाजू बाहेर. पाकिटावर १.५, १.८, २.० असे आकडे छापलेले असतात. ती स्पंजाची जाडी. अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणासही वाटेल. फरशीवर सतरंजी अंथरून तिच्यावर उडी मारा, मग गादी अंथरून मारा. सतरंजीतून फरशी लागते, गादीतून लागत नाही. चेंडूचे तसेच आहे. तो बॅटीवर सुमारे एक सहस्रांश सेकंदच टेकतो. परंतु तेवढ्यात, फटका जोराचा असेल तर, पातळ स्पंज दाबून तो लाकडापर्यंत पोचतो आणि तडक परततो. जाड स्पंजात तो खोल रुततो, किंचित रेंगाळतो, आणि स्पंज पूर्ववत होताना त्याला वर व पुढे भिरकावतो.

म्हणूनच कट उचलून लूप करणाऱ्या तगड्या खेळाडूला जाड स्पंज हवा असतो. मात्र जाड स्पंज हा कोणाला फुकट काही देत नाही. हाताने जेवढे घालाल तेवढेच तो वाढवून परत करतो. बारा वर्षांच्या मुलीचा हात जर सावकाश वर आला, तर स्पंज पुरता दबत नाही, त्याचा उचलण्याचा गुण जागा होत नाही, आणि चेंडू जाळ्यातच जातो. घाबरून तिने पुढच्या वेळी बॅट अधिक उघडली, की तोच स्पंज चेंडूला टेबलापलीकडे धाडतो. पुश करतानाही तसेच. अगदी हलक्या स्पर्शात चेंडू स्पंजापर्यंत फारसा उतरतच नाही, तेथे वरच्या रबराची पकड काय ती महत्त्वाची. पण मनगटाने जरा जोर केला, की जाड स्पंजावरून चेंडू उंच आणि लांब जातो, आणि समोरचा तो आनंदाने ठोकतो. पातळ स्पंजावर हा पुश ठेंगणा व आखूड राहतो. कोन थोडा चुकला तरी शिक्षा सौम्य होते. उलट त्याच पातळ स्पंजावर लूप करायचा तर सगळी वर घासण्याची मेहनत आपल्यालाच करावी लागते.

स्पंजाचे हे भांडण तसे आपल्या मुंबईतच सुरू झाले म्हणायला हरकत नाही. १९५२ च्या फेब्रुवारीत विश्व अजिंक्यपद स्पर्धा मुंबईस भरली होती. तोवर जगभर दाणेदार रबराची, स्पंजाविना बॅट चाले. चेंडूचा टपटप आवाज ऐकून समोरच्याने किती जोर केला हे कळत असे. जपानहून हिरोजी सातो नावाचा किरकोळ अंगाचा, चष्मा लावणारा तरुण जाड, उघड्या स्पंजाची बॅट घेऊन आला. तिला आवाजच नव्हता. अमेरिकेचा मार्टी राइसमन त्याच्यापुढे हरला, अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला, आणि सातो विश्वविजेता झाला. पुढे वाद माजला, आणि १९५९ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला: नुसता स्पंज चालणार नाही, स्पंज आणि रबर मिळून, चिकटवणाऱ्या द्रव्यासह, ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको, स्पंजाविना दाणेदार रबर असेल तर २ मिलिमीटर. तो नियम आजही उभा आहे. त्यानंतर जपान्यांनी लूप घडवला, तो मुख्यतः युरोपातल्या कट करणाऱ्या बचावपटूंना मोडण्यासाठीच. तरीही कट मेला नाही. २००३ च्या पॅरिसच्या विश्वस्पर्धेत दक्षिण कोरियाचा जू से-ह्युक टेबलापासून दूर उभा राहून कट करीत अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

आता एक घरची गोष्ट सांगतो. १९८६-८७ चा सुमार. आमची थोरली तेव्हा बारा वर्षांची, आणि तिचा हात चांगला, असे सगळे म्हणत. पास काढून मी नागपूरला गेलो आणि सीताबर्डीवरून जपानी रबर आणले, दोन मिलिमीटरचे, पगाराच्या मानाने फार महाग. महाग ते चांगले, आणि जाड ते त्याहून चांगले, एवढेच माझे ज्ञान. इन्स्टिट्यूटच्या सामन्यात तिची गाठ एका गार्डसाहेबांशी पडली. त्यांची बॅट जुनी, दाणेदार रबराची, स्पंजाचा पत्ता नाही. ते सात-आठ फूट मागे उभे राहून एकेक चेंडू शांतपणे कट करीत. पोर एक चेंडू जाळ्यात मारी, दुसरा टेबलाबाहेर. एकवीस गुणांच्या डावात तिला सात मिळाले असतील. परत येताना रुळांच्या कडेच्या वाटेवर मी तिला खूप बोललो. एवढे पैसे घालून बॅट आणून दिली, तुझे लक्षच नाही, वगैरे. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून इन्स्टिट्यूटला यायची बंद झाली.

आठवड्याने गार्डसाहेबच घरी आले. चहा घेताना म्हणाले, ‘‘बेटी का हाथ अच्छा है। बैट उसके बाप का है।’’ त्यांनी आपल्या मुलाची जुनी, पातळ स्पंजाची बॅट आणली होती. तिच्याकडून महिनाभर नुसते पुश करून घेतले. लूप नाही, ठोकणे नाही. कट येताना त्यांच्या मनगटाकडे पाहायचे आणि किती खोल घासले ते ओळखायचे, एवढेच. जाडीचा प्रश्न खरे तर तिसऱ्या क्रमांकाचा, हे मला तेव्हा उमगले. पहिले पाहणे, दुसरा बॅटीचा कोन, मग मिलिमीटर. मुलगी पुन्हा खेळू लागली, महाविद्यालयापर्यंत खेळली. पण मी सामना पाहायला आलो, की तिचा हात आखडे, तो शेवटपर्यंत.

हल्ली पालक मला विचारतात, की मनिका बत्राच्या बॅटीसारखे रबर आणू का? २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवल्यापासून हे फार वाढले. तिच्या बॅकहँडच्या बाजूला लांब दाण्यांचे रबर असते. ते चेंडूची फिरकी फारशी पकडत नाही. त्यावर आलेला कट बहुधा सौम्य टॉपस्पिन होऊन परत जातो, आणि समोरचा फसतो. पण तो मोठ्या खेळाडूचा विचारपूर्वक केलेला व्यवहार आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आधी दोन्ही बाजूंना साधे, पकड असलेले रबर आणि दीड-पावणेदोन मिलिमीटरचा स्पंज घ्यावा. लूप मारताना चेंडू लाकडाला लागल्याचा कडक आवाज वारंवार येऊ लागला, हात झपाट्याने फिरू लागला, की मग जाडी वाढवावी. २००० साली चेंडू ३८ चा ४० मिलिमीटर झाला, २०१४ पासून प्लास्टिकचा आला, फिरकी थोडी मंदावली. तरी नवशिक्यापुरते हे गणित मला बदललेले दिसत नाही.

थोरली आता पुण्यास असते. मागच्या दिवाळीत तिचा फोन आला, धाकट्याला बॅट घ्यायची आहे, रबर कोणते घेऊ? मी सांगितले, दीड मिलिमीटर. ती क्षणभर थांबली. म्हणाली, ‘‘बाबा, मला तुम्ही दोन आणलं होतं.’’ मी म्हटले, ‘‘हो, चुकलंच माझं.’’ हे सांगायला मला इतकी वर्षे लागली.

असो. मागच्या खोलीत टेबल मांडून ठेवले आहे. तेथे दोन बॅटी आहेत, लाकूड एक, रबर एक, एकीवर १.५ चा स्पंज, दुसरीवर २.० चा. चहा झाल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी यावे. कट मी करीन. पालकांनीही एकदा बॅट हातात धरून पाहावी, अशी माझी विनंती आहे.